मांडवाचा दात

रेवाच्या दातांवरची तार निघाली आणि नेमका त्याच आठवड्यात हेमांगीआत्याचा साखरपुडा आला. त्यामुळे ज्या दातांचं अख्ख्या घराने कौतुक करायचं, ते कोणी धड पाहिलेसुद्धा नाहीत. पण रेवा कोणाच्या कौतुकासाठी खोळंबून बसणारी राहिली नव्हती. तार होती तेव्हा ती तोंडावर हात धरून हसायची, वर्गात बोलायची पाळी आली की खोकल्याचं निमित्त करायची. आता ती ऊठसूट हसत सुटली. रिक्षात बसताना हसायची, गणिताचा पेपर हातात पडला की हसायची, वाडीत केळींना पाणी सोडताना केळींकडे बघून हसायची. शेवटी तिच्या आईने, आशालताने, तिला बाजूला घेऊन विचारलं की शाळेत काही भानगड तर नाही ना.

घर राजोडीच्या अलीकडे, वाडीतलं. मागे केळी आणि नारळ, पुढे मोगरा, आणि मध्ये पडवी. त्या पडवीत बसून रेवाचे आजोबा श्रीरंग जगातल्या प्रत्येक विषयावर शेवटचा शब्द बोलायचे. हेमांगीआत्या म्हणजे त्यांची धाकटी लेक. ती आणि रेवा एकाच खोलीत झोपायच्या. तार नवी नवी घातली होती तेव्हा रेवाला साधी चपातीही चावत नव्हती, जबडा ठणकायचा, ती रडायची. तेव्हा तिला मऊ भात कालवून, वर्गातल्या एकेकाची नक्कल करत भरवला होता तो या आत्याने. त्यामुळे आत्याच्या तोंडाचा विषय हा रेवाला स्वतःच्या तोंडाचाच विषय वाटला, यात नवल नाही.

साखरपुड्याचे फोटो आले त्या रविवारी आत्याच्या होणाऱ्या सासूबाई, विनिताबाई, वाडीत आल्या होत्या. मंडळी आचोळ्याची, मूळची कोकणातली, आणि नुकताच त्यांनी फ्लॅट नवा करून घेतला होता. मोबाइलवर फोटो बघता बघता विनिताबाईंनी दोन बोटांनी आत्याचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की स्क्रीनवर नुसते दात उरले. मग त्या म्हणाल्या, "अगदी आमच्या मॉड्युलर किचनच्या रंगाचे आहेत हो. ऑफ-व्हाइट."

सगळे हसले. आत्याही हसली, पण हसता हसता मध्येच तिने ओठ मिटले ते मिटलेच. पाहुणे गेटबाहेर पडेपर्यंत ती मान हलवून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून फस्स असा आवाज आला. रेवाने डोकावून पाहिलं तर आत्या एका वाटीत खायच्या सोड्यावर लिंबू पिळत होती, आणि पुढ्यात टेकवलेल्या मोबाइलमध्ये एक बाई आपले ट्यूबलाइटसारखे दात दाखवत सांगत होती की डॉक्टरांना हे तुम्हाला कळायला नको आहे. आत्याने बोटाने ते मिश्रण दातांवर घासलं, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा घासलं. लग्नापर्यंत रोज घासायचं, म्हणाली. फोटोत किचन दिसायला नको.

सुरुवातीला रेवाला गंमत वाटली. पण मग तिच्या लक्षात यायला लागलं की आत्या चहा गार करून पिते, आणि गार पाणी कोमट करून. ओठांच्या एका कोपऱ्यातून खाते. चुडा भरायला म्हणून बाजारात गेल्या होत्या तेव्हा तिने तिची आवडती कुल्फी घेतली, एकदा चाटली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली की आज गोड नको वाटतंय, तू खा. रेवाने खाल्ली, पण ती कुल्फी तिला काही गोड लागली नाही.

तारेनंतरच्या तपासणीला पापडी गावातल्या दवाखान्यात गेली तेव्हा रेवाने डॉक्टर ॲंजेलांना विचारलं. खुर्चीत आडवी पडून, तोंडात आरसा असताना विचारलं, पण डॉक्टरांना अशी भाषा कळते. त्या म्हणाल्या की लिंबू दाताची वरची कडक पापडी विरघळवतं आणि सोडा ती मऊ झालेली पापडी घासून नेतो. पहिले काही दिवस दात पांढरा दिसतो, पण खडूसारखा, चकाकी नसलेला. मग खालचा पिवळा भाग वर येतो, शिरशिरी सुरू होते, आणि खरबरीत झालेल्या दाताला जे मिळेल त्याचा डाग बसतो. गेलेली पापडी परत येत नाही. आणि केळ्याची साल, खोबरेल वगैरे घरगुती उपाय? त्यांनी काही बिघडत नाही आणि काही होतही नाही, म्हणाल्या. "दाताचा मूळ रंगच थोडा पिवळसर असतो गं. पाटीवर लिहायचा खडू तेवढा पांढराशुभ्र."

रेवाने घरी येऊन हे सगळं आत्याला शब्द न् शब्द सांगितलं. आत्या म्हणाली, डॉक्टरीणबाई आपलं गिऱ्हाईक सांभाळणारच. रेवा म्हणाली, तुझे दात दुखतायत, मला दिसतंय. आत्या म्हणाली, ते उपाय लागू पडतोय म्हणून. मग दोघींचं जोरात वाजलं, आणि शेवटी आत्या पलंगावर बसून म्हणाली, "मला सांगू नकोस. दाखव. माझ्या डोळ्यांना दिसलं तर सोडेन."

रेवाला तेवढंच हवं होतं. दाखवायचं तर दात हवे, प्रत्येक उपायाला वेगळा.

डॉक्टर ॲंजेलांनी काढलेले दात द्यायला साफ नकार दिला. ते पिवळ्या पिशवीत जातात आणि पिशवी गाडीत जाते, नियम आहे. रेवाकडे स्वतःच्या दोन छोट्या दाढा होत्या, तारेसाठी जागा करताना काढलेल्या, डॉक्टरांनी तेव्हा डबीत घालून तिच्याच हातात दिलेल्या. पण त्या दोन्ही साध्या ब्रशच्या आणि पेस्टच्या गटात हव्या होत्या. बाकीच्यांसाठी तिला वाडीत हिंडावं लागलं.

वाडीत दुधाचे दात सगळे कौलांवर भिरकावलेले. ते शोधायचे म्हणजे अर्ध्या वाडीची कौलं उतरवायला हवीत. पण मोठ्या माणसांचे दात निघाले, की ते कुठे जातात हे कोणी कधी विचारलं नव्हतं. रेवाने विचारलं, आणि कळलं की लोक ते ठेवतात. अख्खी वाडी ज्यांना मधूकाका म्हणते त्यांची अक्कलदाढ तपकिरीच्या जुन्या डबीत होती. त्यांचं म्हणणं, काढायचे पैसे मी दिले, माल मी का सोडू. शेजारच्या वॉल्टर अंकलांचा सुळा शोकेसमध्ये होता, लग्नाच्या केकवरच्या साखरेच्या नवरा-नवरीशेजारी. आणि अनसूयाआजी, जिच्या तोंडात एकच दात उरला होता, तिने रेवाचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, बोट तोंडात घातलं, एक गिरकी दिली आणि तो दात रेवाच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, नाहीतरी एकटाच कंटाळला होता. अट एकच, त्याला खोबरेलच लावायचं, आंबट नको, त्याने फार सोसलंय.

बर्फाच्या ट्रेच्या खळग्यांत पाणी घालून दात ठेवले गेले आणि ट्रे पडवीच्या खिडकीत आला. मधूकाकांच्या दाढेला लिंबू-सोडा. वॉल्टर अंकलांच्या सुळ्याला केळ्याची साल, तीही वाडीतल्या राजेळी केळ्याचीच, कारण बाहेरची साल आपल्या सुळ्याला लागलेली अंकलांना चालणार नव्हती. अनसूयाआजीच्या दाताला खोबरेल. रेवाच्या दाढांना साधी पेस्ट. आत्याने मात्र ठणकावून सांगितलं की लबाडी नको, माझ्या दातांना जे होतं तेच आणि तेवढंच मधूकाकांच्या दाढेला व्हायला हवं. म्हणून रोज सकाळी ती आधी स्वतःचे दात घासायची आणि मग वाटीत उरलेल्या मिश्रणाने, भुवयांच्या चिमट्यात धरून, मधूकाकांची दाढ घासायची. एका लग्न ठरलेल्या मुलीला दुसऱ्याची दाढ घासताना पाहून आजोबा पडवीतून उठून वाडीत निघून जायचे. लग्नघरात लोक पत्रिका बघायला येतात, साड्या बघायला येतात, ते म्हणायचे. माझ्या घरी दात बघायला येतात.

आणि येत होते खरेच. कारण दात पाण्यात असला म्हणून तो परका होत नाही. मधूकाका सकाळी फिरायला जाताना आणि येताना थांबायचे. वॉल्टर अंकल चर्चमधून थेट खिडकीशी यायचे आणि आपल्या सुळ्याकडे, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाकडे बघावं तसं बघायचे. एकदा केळ्याच्या वासाने मुंग्या आल्या आणि फक्त अंकलांच्या सुळ्यावर चढल्या, तर अंकलांनी तो शुभशकुन मानला. मुंगी वाईट गोष्टीला तोंड लावत नाही, म्हणाले. मधूकाका म्हणाले, मुंगी तुझ्या जेवणाच्या डब्यालाही लागते, म्हणून बायकोचा स्वयंपाक चांगला होतो का. दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

खरा घोटाळा पुढेच झाला. पहिल्याच आठवड्यात मधूकाकांची दाढ पांढरी पडली. नुसती पांढरी नाही, शेजारच्या बाकी दातांना लाज वाटावी अशी. केळ्याचा सुळा होता तसाच राहिला. खोबरेलचा दात चकाकत होता, पण पिवळाच चकाकत होता. रेवाच्या दाढा जशाच्या तशा.

आत्याने ट्रे उजेडात धरला. मग रेवाकडे बघून हसली, ओठ न उघडता.

"हा खडूचा पांढरा आहे, आत्या. चकाकी बघ ना, नाहीये," रेवा म्हणाली.

"मला दाखव म्हटलं होतं. तू दाखवलंस."

त्या दिवसापासून मधूकाका गावात छाती काढून चालायला लागले. ज्या जागी ती दाढ होती त्या जागेचं भोकसुद्धा ते अभिमानाने दाखवायचे. आणि वाडीतल्या बायका, ज्यांना आजवर आपले दात आहेत एवढंच पुरत होतं, त्या लिंबं नेऊ लागल्या. मांडवाच्या सरबतासाठी ठेवलेली टोपली अर्धी झाली. लोणच्याचा बेत रद्द झाला. सकाळी घराघरांतून फस्स फस्स आवाज यायचा, आणि त्या प्रत्येक आवाजाला जबाबदार आपण, या विचाराने रेवा उशी कानांवर ओढून घ्यायची. खरं सांगायला गेली आणि खोट्याची जाहिरात करून बसली. त्यातून आत्याने आता सकाळ-संध्याकाळ घासायला घेतलं. संध्याकाळी ती गालावर हात धरून बसायची आणि कोणी विचारलं तर मेंदीच्या डिझाइनचा विचार करतेय म्हणायची.

असा मांडवाचा दिवस उजाडला. दाराशी केळीचे खांब, वर आंब्याचे डहाळे, परसात तीन दगडांच्या चुलीवर चहाचा मोठा टोप. लोक येत होते तसतसं त्या टोपात पाणी, दूध, पावडर, साखर पडत होती आणि तो सकाळपासून खाली उतरलाच नव्हता. दुपारी आचोळ्याहून विनिताबाई आणि मंडळी नवऱ्याची, सुजयची, उष्टी हळद घेऊन येणार होती. ती हळद मग आत्याला लागणार.

मंडळी आली. आत्या पाटावर बसली. विनिताबाईंना चहा दिला गेला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाल्या की काहीतरी वेगळीच चव आहे बाई, गवती चहा घालता का तुम्ही, आणि दुसरा कप मागून घेतला.

रेवाने त्याच वेळेस सहज खिडकीकडे बघितलं तर ट्रेचा एक खळगा रिकामा. मधूकाकांचा.

तिने अंगणभर नजर फिरवली. मधूकाका मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि जाणाऱ्या प्रत्येक कपाकडे असं बघत होते, की कप पिणाऱ्याला दोनदा वळून बघावं वाटावं. रेवा जवळ गेली. विचारायचीही गरज पडली नाही. ते म्हणाले, "टोपात आहे."

झालं होतं असं, की विरारच्या पाहुण्यांना दाढ दाखवावी म्हणून काका ती तळहातावर घेऊन सकाळपासून फिरत होते. चुलीपाशी बायकांना दाखवायला वाकले, तोंडावर वाफ आली, शिंक आली. दाढ टोपात पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, असं त्यांनी पुढे शपथेवर सांगितलं. नाहीतरी चहा गाळूनच देतात असा विचार करून ते गप्प बसले. तेव्हापासून अख्ख्या मांडवाने ती दाढ प्यायली होती.

रेवाने आईला गाठलं, आईने टोप उतरवला, आणि न्हाणीमागे पंच्यावर सगळा चोथा गाळून काढला. दाढ मिळाली. ती हातात घेऊन रेवा क्षणभर बघत राहिली. सकाळपर्यंत मोगऱ्यासारखी असलेली दाढ आता चिंचोक्यासारखी तपकिरी झाली होती, आणि नळाखाली चोळ चोळ चोळली तरी डाग हलेना.

तिने ती बशीत घातली आणि हळद लागलेल्या आत्यासमोर नेऊन ठेवली. बायकांची गाणी थांबली. आत्याने बशीकडे बघितलं, मग रेवाकडे, आणि हळदीच्या पिवळ्या चेहऱ्यातले तिचे डोळे मोठे झाले. पण ती हरायला तयार नव्हती.

"इतका वेळ उकळला तर कोणाचाही होईल. तुझा टाक."

आता याला न्याय म्हणायचं नाहीतर काय. रेवा उठली, ट्रेमधली आपली एक दाढ काढली, आई कपाळाला हात लावून बघत असताना त्याच पावडरचा, त्याच दुधाचा दुसरा टोप चढवला गेला, आणि रेवाने सगळ्यांच्या देखत ती दाढ त्यात सोडली. मधूकाकांनी टोपी काढून हातात घेतली. वॉल्टर अंकल छातीवर हात ठेवून उभे राहिले. बायका चुलीभोवती गोळा झाल्या आणि कोणी काही बोलेना, कारण उकळत्या चहात बुडणाऱ्या दाताकडे बघताना काय बोलायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

आचोळ्याच्या मंडळींना हे सगळं कसं दिसलं असेल, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात आला नाही. नवरी पाटावरून हुकूम सोडते, भाची दात घेऊन येते, वडीलधारी टोपी उतरवतात, दात चहात पडतो. विनिताबाईंनी कप खाली ठेवला. पदर डोक्यावर घेतला. मग आजोबांच्या जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्यात मांडवाला दात उकळतात का?"

आता आजोबांनी खरं सांगायचं तर काय सांगायचं होतं? की तुम्ही दोन कप प्यायलात तो मधूच्या अक्कलदाढेचा काढा होता? आजोबा शेवटचा शब्द बोलायची सवय असलेले. त्यांनी घसा खाकरला.

"जुनी पद्धत आहे आमची. मांडवाचा दात म्हणतात."

विनिताबाईंनी मान डोलावली. अर्थ काय असतो, त्यांनी विचारलं. आजोबांनी टोपात पडणाऱ्या साखरेकडे बघितलं आणि म्हणाले की मुलीच्या बोलण्यात गोडवा राहावा म्हणून. रेवाने तोंड उघडलं. आईने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की उघडलेलं तोंड आपोआप मिटलं.

हळद लावून, गाणी म्हणून, फोटो काढून होईपर्यंत तो टोप उकळत राहिला. मग रेवाने चिमट्याने दाढ बाहेर काढली. तीही रंगली होती, बिस्किटासारखी. आत्याच्या डोळ्यांत पुन्हा जिंकल्याची चमक यायला लागली होती. पण रेवाने आपला ब्रश आणला, साधी पेस्ट लावली आणि दोन्ही दाढा सगळ्यांसमोर घासल्या. तिची दाढ बिस्किटावरून दुधावर आली, होती तशी झाली. मधूकाकांची चिंचोकाच राहिली. रेवाने दोन्ही आत्याच्या हळदीच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाली, नख फिरवून बघ.

आत्याने रेवाच्या दाढेवर नख फिरवलं. गुळगुळीत. मधूकाकांच्या दाढेवर फिरवलं. नख अडकलं. मग तिने नकळत जीभ आपल्याच पुढच्या दातांवरून फिरवली, हळूच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"माझे पण असे झालेत?"

रेवाने तिचा हात धरला. हळद दोघींच्या हाताला लागली. रेवा म्हणाली, "तोंडात लाळ असते, ती सांभाळते. पुष्कळ उरलंय अजून. आजपासून बंद कर फक्त." मग आवाज चढवून, बाकीच्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हणाली की डॉक्टर ॲंजेला म्हणतात. चार-पाच पदर तोंडावर गेले.

आत्याने दोन्ही दाढा बशीत ठेवल्या. मग तिने मान वर केली आणि समोर आदराने हात जोडून उभ्या असलेल्या विनिताबाईंना सरळ विचारलं, "आई, तुमचं किचन तुम्हाला आवडतं?"

विनिताबाई चमकल्या. म्हणजे काय, म्हणाल्या. त्या रंगासाठी मी दुकानदाराशी भांडले, सुजयच्या बाबांशी भांडले. सगळे म्हणत होते पांढरंशुभ्र घ्या. पांढरंशुभ्र घेऊन काय दवाखाना काढायचाय का? तो ऑफ-व्हाइट बघायला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका येतात. "म्हणून तर तुझा फोटो बघितला तेव्हा मला इतकं बरं वाटलं."

आत्या बघत राहिली. आणि मग ती हसली. त्या रविवारी ओठ मिटून गिळलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. हळदीने पिवळा चेहरा, आणि त्यात ते मॉड्युलर किचन संपूर्ण उघडं. हसता हसता वारा दातांना लागून तिला कळ आली, तिने गाल धरला, आणि गाल धरून पुन्हा हसली. विनिताबाईंनी अनसूयाआजीला विचारलं की गोडवा बोलण्यात इतक्या लवकर उतरतो का. अनसूयाआजी, जिच्या तोंडात आता एकही दात नव्हता, म्हणाली की मुलीच्या पत्रिकेवर असतं.

मंडळी निघायच्या वेळेस रेवा विनिताबाईंच्या मागे रिक्षापर्यंत गेली. खरं म्हणजे खरं. तिने त्यांना गाठून सगळं सांगितलं, की काकू, ही पद्धतबिद्धत नाही, हा प्रयोग होता, लिंबाने दात खराब होतात हे दाखवायला. विनिताबाईंनी तिचं बोलणं पूर्ण ऐकलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. समजलं मला, म्हणाल्या. बाहेरच्यांना असंच सांगायचं असतं ना. आमच्या कोकणातपण काही गोष्टी उघड बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लग्न. वरात मांडवात आली तेव्हा नवऱ्यामुलाचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. विनिताबाईंच्या हातात चांदीचा कुंकवाचा करंडा होता आणि त्यात, अक्षतांवर, सुजयची अक्कलदाढ. ती गेलं वर्षभर दुखतच होती, त्यांनी आजोबांना सांगितलं, आणि तुमच्याकडून दात झाला तर आमच्याकडून नको का व्हायला. काल घरी पोचल्या पोचल्या त्याला दवाखान्यातच नेलं. आजोबांनी करंडा दोन्ही हातांनी घेतला. दुसरं करणार काय. परसात टोप चढला.

सुजयच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे नाव घ्यायच्या वेळेला त्याने सगळा उखाणा "हं हं हं" असाच घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अल्बममध्ये तो सगळीकडे गंभीर आहे, ओठ मिटलेले, एखाद्या मोठ्या विचारात असल्यासारखा. आणि शेजारी हेमांगीआत्या, प्रत्येक फोटोत, तोंडभर हसतेय. फोटोग्राफरने दात कॉम्प्युटरवर पांढरे करून देऊ का म्हणून विचारलं, तर नवरीची सासू त्याच्यावर अशी उखडली की त्याने परत विषय काढला नाही.

वाडीतली फस्स फस्स बंद झाली, लिंबं लोणच्यात गेली. रेवाला वाटलं, चला, खरं शेवटी पोचलं. ट्रे धुऊन तिने परत फ्रीजमध्ये ठेवला. आईने तो काढून फेकून दिला. वॉल्टर अंकल आपला सुळा घेऊन गेले आणि साखरेच्या नवरा-नवरीशेजारी परत ठेवला. तो आता जास्त चांगला दिसतो, असं त्यांचं मत आहे.

पण लग्नसराई अजून संपलेली नव्हती. महिन्याभराने रेवा शाळेतून येत होती, तर पलीकडच्या आळीतली एक बाई अनसूयाआजीच्या ओट्यावर बसलेली. तिच्या पुतणीचं लग्न होतं. हेमांगीचा संसार किती गोडीत चाललाय असं सगळे म्हणतात, तर मांडवाच्या दाताबद्दल नीट विचारून घ्यावं म्हणून ती आली होती. चहा गुळाचा की साखरेचा? आणि दात वडिलांकडच्या माणसाचा लागतो की आईकडच्या?

रेवा थांबली. तिने दप्तर खाली ठेवलं, सांगायला तोंड उघडलं, नव्या दातांसकट. आणि तिला एकदम दिसलं, की त्या मोबाइलमधल्या बाईच्या लिंबू-सोड्यामागेसुद्धा कधीतरी, कुठल्यातरी परसात, असाच एखादा टोप उकळला असणार, आणि कोणीतरी आजोबा घसा खाकरले असणार.

अनसूयाआजीने तिच्याकडे एकदा बघितलं. मग त्या बाईकडे वळून, जराही न अडखळता, बोळक्या तोंडाने सांगितलं, "मामाकडचा."